लाल मीटरवर रडतखडत पार केलेलं गाणं ‘वाजवलं’ म्हणायचं का? (रॉक बँड, ड्रम, एक्स्पर्ट)

तापीकाठ (अमळनेर)
आमच्या ग्रुपवर एका दादाने ठणकावून सांगितलं, की रॉक बँड या व्हिडिओ गेममध्ये एक्स्पर्टला, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीला, मीटर लाल असताना कसंबसं गाणं पार करणाऱ्याने ‘पास झालो’ म्हणून मिरवू नये, ते काठावरचे पस्तीस मार्क. मला पटत नाही. काठावर पास व्हायला डोकं लागतं, आणि ड्रमवाल्याला गिटारवाल्यापेक्षा जास्त लागतं.

गाणं घेऊ ‘पेनकिलर’. ज्युडास प्रीस्ट या मेटल बँडचं, १९९० चं, रॉक बँड २ (२००८) च्या डिस्कवर आहे. मूळ गाण्यात ड्रमर स्कॉट ट्रॅव्हिसचे दोन्ही पाय चालतात. आपल्यापुढे चार पॅड आणि एक पेडल.

ज्यांनी गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोटा, म्हणजे पडद्यावर खाली सरकत येणाऱ्या ठोक्यांच्या खुणा, चुकल्या की क्राउड मीटर हिरव्यातून पिवळ्यात, मग लालमध्ये उतरतं आणि तळाला टेकलं की गाणं मध्येच बंद. चमकत्या नोटांची ओळ न चुकता वाजवली की ओव्हरड्राइव्ह साठतो, आणि तो लावला की मीटर भराभर चढतं. गिटारवाल्याने गिटार उभी केली की लागला. ड्रमवाल्याने निम्मा साठा झाल्यावर गाण्यात पुढची फिल, म्हणजे मनाला येईल तसं बडवायची मोकळी जागा, येईपर्यंत वाट बघायची आणि फिल संपताना हिरव्या पॅडवर हाणायचं. नाही हाणलं तर साठा तसाच राहतो.

खरी मेख पुढे आहे. फिल आली की त्या जागेच्या मूळ नोटा गायब होतात, काहीही बडवा, चूक धरत नाहीत. मग पुढची फिल नेमकी किचकट जागेवर येत असेल तर आधीच्या फिलची हिरवी मुद्दाम सोडायची. लाल मीटर डोळ्यासमोर लुकलुकत असताना हात आवरून धरणं सोपं आहे का? मी याला वाजवणंच म्हणतो.

ताशा_धुळे
हा हिशेब झाला भो. किराणा दुकानात बस.
एकच विचारतो. मीटर वाचवायला तू पाय सोडतोस की नाही?

तापीकाठ (अमळनेर)
सोडतो. जिथे किकची, म्हणजे पेडलच्या ठोक्यांची, माळ लागते तिथे पाय जमेल तेवढाच, हात मात्र अखंड. हातही गेले की सगळंच गेलं.

ताशा_धुळे
मग संपलं की. या गाण्याचा जीव पायात आहे. पाय काढून घेतलास तर उरलं काय? मी गणपतीत पथकात ताशा धरतो. आमच्याकडे नवीन पोराला आधी हळू लयीत बसवतात, हात स्वच्छ पडेपर्यंत पुढे जाऊ देत नाहीत. तुझ्या पद्धतीने पोरगं काय शिकतं, तर कुठे चोरायचं. आणि चोरलेली जागा हाताला पाठ होते, मग ती निघत नाही. गेममध्ये प्रॅक्टिस मोड आहे, एकेक तुकडा वेग कमी करून घोटता येतो. ते सोडून फिलच्या जागा कसल्या मोजत बसायच्या?

बँडवाल्याचा_लेक (नंदुरबार)
धुळेकर, पथकाचं खरं असेल. पण मिरवणुकीचं सांगतो. आमच्याकडे कानबाई देवीचं विसर्जन श्रावणातल्या सोमवारी. घरापासून नदीपर्यंत बाया-माणसं नाचत जातात आणि कोणी पुढे सरकायला तयार नसतं. वाजवणाऱ्याचे हात भरून येतात. तेव्हा जुना माणूस काय करतो? तोडे, नक्षी सगळं टाकून देतो आणि नुसता ठेका धरतो. दम आला की परत नक्षी. नाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. थांबला असता तर मात्र पूर्ण गल्लीने शिव्या घातल्या असत्या. अमळनेरकर करतात ते हेच आहे.

ताशा_धुळे
तुमच्या मिरवणुकीत एकाचा हात भरला तर बाजूला चार जण असतात, ते झाकून घेतात. हा एकटाच बसलाय. झाकणार कोण?

तापीकाठ (अमळनेर)
बँड मोडमध्ये झाकतात ना. ड्रमवाला फेल झाला तर दुसरा आपला ओव्हरड्राइव्ह लावून त्याला परत आत आणतो. तेही दोनदाच, तिसऱ्यांदा पडला की त्याला परत आणता येत नाही. एकट्याला तेवढंही नाही, म्हणून तर फिल मोजतो.

शहाद्याची_ताई
तुम्ही दोघंही उगाच गुंता करताय. रॉक बँड २ मध्ये नो फेल मोड दिलाय, चालू करा आणि शेवटपर्यंत वाजवा. मी तेच करते. प्रॅक्टिस मोडमध्ये प्रत्येक तुकडा वेगळा छान जमतो, पण या गाण्यात माणूस तुकड्यांमुळे मरत नाही. शेवटच्या भागात कोपरापासून मनगटापर्यंत हात दगड झालेले असतात म्हणून मरतो. थकलेल्या हातांनी शेवट वाजवायची सवय करायची तर आधी थकून शेवटपर्यंत पोचावं लागतं. ताजातवाना होऊन तोच तुकडा घोटलात तर ती सवय कशी लागणार?

तापीकाठ (अमळनेर)
ताई, सरावाला ठीक. पण नो फेलमध्ये भीतीच नाही, मग ओव्हरड्राइव्ह कधीही लावा, काय फरक पडतो? ‘पार केलं’ म्हणायला ते नको.

शहाद्याची_ताई
म्हणजे धुळेकरांनी तुम्हाला जे ऐकवलं तेच तुम्ही मला ऐकवताय. छान.

लोको_शेड (भुसावळ)
काबरं भांडी राहिनात भो? कोणी हाताचं बोलेना.

अर्धे लोक फेल होतात ते मुठीमुळे. गाणं वेगात गेलं की घाबरून काठी आवळतात. काठी आवळली की ती पॅडवरून उसळत नाही, मग प्रत्येक ठोका स्वतःच्या जोराने उचलावा लागतो आणि हात मिनिटात भरतात. अंगठा आणि पहिल्या बोटात काठी सैल धरा, उसळी तिची ती घेईल. पायाचं तसंच. मांडीपासून अख्खा पाय उचलू नका, घोट्यातून खेळवा. स्टूल उंच करा, गुडघे कंबरेपेक्षा जरा खाली आले पाहिजेत. आमच्या इथे मे महिन्यात तळव्याला इतका घाम, की काठ्यांना बॅडमिंटनच्या रॅकेटची टेप गुंडाळावी लागते. हसा, पण करून बघा.

दुसरं, कॅलिब्रेशन. आताच्या टीव्हीवर चित्र उशिरा येतं. सेटिंगमध्ये जाऊन ते जुळवलं नाही तर तुम्ही तालात असूनही गेम चूक धरेल आणि तुम्ही आपल्या हातांना दोष देत बसाल. तिसरं, ब्रेकनेक स्पीड चालू करा. नाव ऐकून लोक घाबरतात. गाण्याचा वेग तोच राहतो, नोटा फक्त भरभर खाली येतात, त्यामुळे दोन नोटांमध्ये अंतर पडतं आणि दाटीत डोळा अडकत नाही.

हे सगळं न करता ‘टिकणं की वाजवणं’ यावर बोलायचं, म्हणजे विहिरीत पाणी नसताना ठिबक कोणत्या कंपनीचं घ्यायचं यावर भांडण.

ताशा_धुळे
लोकोभाऊंचं सैल मुठीचं शंभर टक्के खरं. पण त्यातून माझंच म्हणणं निघतं. मूठ सैल कधी शिकणार? हळू लयीत. लाल मीटरवर जीव मुठीत धरलेल्या माणसाची मूठ सैल कशी राहील?

तापीकाठ (अमळनेर)
हा मुद्दा भारी आहे, उत्तर द्यायला हवं. फिल कुठे येणार हे माहीत असलं की मूठ आपोआप सैल होते. ‘अजून एवढं काढलं की सुटका’ हे कळलेलं असतं ना. घाबरतो तो, ज्याला पुढे काय येणार हे माहीत नाही. आणि पायाचं म्हणाल, तर एका पेडलवर दोन पायांचं काम कसं होतं ते मला कोणी दाखवावं. २००९ च्या गिटार हीरो मेटॅलिकामध्ये एक्स्पर्टच्या वर एक्स्पर्ट प्लस अशी वेगळी पायरी दिली, खास दोन पेडलसाठी. बनवणाऱ्यांनीच दुसरा पाय वेगळा मोजला, आणि तुम्ही मला एका पायावर चोर ठरवताय.

ताशा_धुळे
दोन पाय मागत नाही. जेवढ्या नोटा समोर येतात तेवढ्याच मागतोय. एका पायाने तेवढ्या वाजवणारे आहेत, व्हिडिओ पडलेत ढीगभर.

शहाद्याची_ताई
व्हिडिओतल्यांच्या खाली घरमालक राहत नसणार. आमचे काका पेडलचा पहिला धपका पडला की वर येतात.

बँडवाल्याचा_लेक (नंदुरबार)
ताई, पेडलखाली जुनी सतरंजी दुमडून घाला, तिच्याखाली रबरी पायपुसणं. आवाज निम्मा होतो.
धुळेकर, एक करा. ताशा बाजूला ठेवा आणि हेच गाणं एकदा नो फेल बंद करून वाजवा, पाय न चोरता. मीटर कुठे तळाला गेलं तेवढं इथे लिहा.

ताशा_धुळे
माझ्याकडे किट नाही. अमळनेरला यायला तयार आहे. रविवारी चालेल?

तापीकाठ (अमळनेर)
या. दुपारी दोननंतर या, तोवर लाइट नसते. काठ्या स्वतःच्या आणा.