प्रतिसाद: चौदा विजेतेपदं आणि लाटविया

लाटवियाच्या फुटबॉलवरच्या वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय, 'स्कोंटो रिगा हा क्लब 1991 ते 2004 सलग 14 वेळा जिंकला, म्हणजे लाटवियाच्या लीगमध्ये दमच नव्हता.' एकतर्फी होती हे मान्य, पण दम नव्हता हे मला अजिबात पटत नाही. 2003 चा हंगाम बघा. आठ संघ, प्रत्येकाशी चार सामने, एकूण 28 फेऱ्या. तिथे थंडीमुळे लीग वसंतात सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुमारास संपते. स्कोंटोचे प्रशिक्षक अलेक्सांद्र्स स्तारकोव्स हेच राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक, त्यामुळे क्लबातली घडी तशीच देशाच्या संघात उतरली.

त्याच नोव्हेंबरात युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) पात्रतेसाठी लाटवियाची दोन सामन्यांत तुर्कस्तानशी गाठ, म्हणजे 2002 च्या विश्वचषकातला तिसरा संघ! रिगात लाटविया 1-0 ने जिंकला. इस्तंबूलला 0-2 ने मागे, सगळं स्टेडियम घोंगावतंय, आणि तिथून लाइझान्सची फ्री किक, मग वेर्पाकोव्स्किस एकटा पळत सुटला. 2-2, आणि लाटविया युरोत! हा वेर्पाकोव्स्किस तेव्हा स्कोंटोचाच. पुढे पोर्तुगालमध्ये झालेल्या त्या युरोत जर्मनीला 0-0 वर रोखलं.

2005 मध्ये लिएपायास मेटालुर्ग्स या क्लबने स्कोंटोच्या विजेतेपदांची ती मालिका तोडली. 2016 मध्ये स्कोंटो दिवाळखोरीत गेला, याचं मात्र आजही फार वाईट वाटतं.