परदेशात मुरलेल्यांनो, अनुभव लिहा

नवीन जाणाऱ्यांसाठी बरंच लिहून झालंय. इथे वर्षानुवर्षं बाहेर काढलेल्यांनी लिहावं. गणपती, फराळ आणि आईच्या हातची आमटी यांना या वेळी सुट्टी. शेजार, नोकरी, कागदपत्रं येऊ द्यात. सुरुवात मीच करते; बाकीच्यांनी खाली आपापल्या शहराच्या नावाने लिहिलंय.

स्टुटगार्ट: आमच्याकडे केरवोख असतो. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना आपण पुसायचा. तळमजल्यावरच्या आजी नंतर कठड्यावरून बोट फिरवून बघायच्या. मला जाम राग यायचा. पुढे कळलं, वरच्या जर्मन डॉक्टरांचाही कठडा त्या असाच तपासतात! २७ जून २०२४ पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली, वास्तव्याची अटही आठ वर्षांवरून पाचवर आणली. ऑफिसातल्या तुर्की मैत्रिणीने लगेच अर्ज टाकला. आमचं घोडं भारताच्या बाजूने अडलंय: दुसरं नागरिकत्व घेतलं की आपलं गेलं. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, मिळेल, पण मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. बाबांचा एकच प्रश्न, "सातबाऱ्यावर नाव लागेल ना?" मताचं घरात कुणी विचारलंही नाही.

दुबई: नोकरी गेली की व्हिसाचं घड्याळ सुरू. नागरिकत्वाची आशाच नाही, त्यामुळे घालमेलही नाही. सोफासुद्धा पटकन विकला जाईल असाच घेतो.

न्यू जर्सी: इथे ग्रीन कार्डची रांग जन्माच्या देशावर ठरते आणि एका देशाला साधारण ७ टक्क्यांचीच मर्यादा. माझा जन्म सांगलीचा, म्हणजे संपलंच. पण बायको जन्मली मस्कतला, सासरे तिथे नोकरीला होते म्हणून. जोडीदाराचा जन्मदेश धरता येतो, त्यामुळे आम्ही ओमानच्या खात्यातून सुटलो. सासऱ्यांना दर दिवाळीला फोन करून हे ऐकवावं लागतं. आमच्याबरोबर आलेलं जोडपं अजून रांगेतच आहे. त्यांची लेक तान्ही आली होती. आता २१ जवळ आलंय, त्यानंतर आईवडिलांच्या अर्जावर तिचं नाव राहणं कठीण. ती कॉलेजात विद्यार्थी व्हिसाचे फॉर्म भरतेय.

टोकियो: फोनवर माझं जपानी ऐकून एजंट खूश. आडनाव सांगितलं की घरमालकाला "विचारून कळवतो". शेवटी निशिकासाईत, म्हणजे भारतीयांची बरीच वस्ती आहे त्या भागात, घर मिळालं.

नाशिक (परतलेली): स्टुटगार्ट, वारशाने जमीन येते, नावही लागतं. शेजारचा तुकडा विकत घ्यायला गेलात की अडेल. घ्यायचाच असेल तर पासपोर्ट बदलण्याआधी घ्या.