तक्रार ‘निकाली’ निघते, पाणी मात्र तसेच राहते: महापालिकेपर्यंत म्हणणे कसे पोहोचवावे?

प्रश्न

नमस्कार. आमच्या रस्त्यावर दर पावसाळ्यात प्राथमिक शाळेच्या फाटकासमोर पाणी तुंबते आणि मुले बूट हातात धरून वर्गात जातात. दोनदा डांबरीकरण झाल्यामुळे रस्त्याचा उतार बदलला. पावसाळी गटाराची जाळी आता उंच बाजूला राहिली आहे आणि पाणी तिच्याकडे वळतच नाही. गेल्या पावसाळ्यात मी महापालिकेच्या अ‍ॅपवर तीन वेळा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा कर्मचारी आले, त्यांनी जाळीवरचा पालापाचोळा काढला, छायाचित्र घेतले आणि तक्रार ‘निकाली’ निघाली. आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. त्यांपैकी कोणाकडे जावे, थेट आयुक्तांना लिहावे, की सर्वसाधारण सभेत नागरिकालाही बोलता येते? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (निवृत्त कनिष्ठ अभियंता)

आपली तक्रार बहुधा सफाईच्या सदरात नोंदवली गेली असावी. जाळी साफ करणे हे देखभालीचे काम आहे आणि ते कर्मचाऱ्यांनी केलेही. परंतु आपल्याला हवे आहे ते फाटकाच्या बाजूला नवे चेंबर, आणि त्यासाठी पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज), अंदाजपत्रकातील तरतूद व निविदा या तिन्हींतून जावे लागते. म्हणून अर्जात ‘पाणी तुंबते’ एवढेच न लिहिता ‘अभियंत्यांनी स्थळपाहणी करून रस्त्याची पातळी मोजावी आणि फाटकाच्या बाजूला चेंबर बांधण्याचे पूर्वगणनपत्रक तयार करावे’ अशी नेमकी मागणी लिहावी. अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक-बारनिशीत (टपाल स्वीकारून नोंदवणाऱ्या कक्षात) द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तेथून निघू नये. तोंडी शब्द देणारा अधिकारी कितीही सज्जन असला तरी त्याची बदली होते, आणि पुढे आलेल्याला त्यातले काहीच ठाऊक नसते. हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

सर्वसाधारण सभेत नागरिकाला बोलता येत नाही, ते काम नगरसेवकाचे. चार जणांच्या प्रभागात प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची शक्यता असते, म्हणून एकच अर्ज चौघांनाही द्यावा आणि हा विषय प्रभाग समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याची लेखी विनंती करावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ नुसार या समितीत त्या भागातील नगरसेवकांबरोबर क्षेत्रीय अधिकारी बसतो, आणि स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधीही नामनिर्देशित करता येतात. गल्लीतील चेंबरचा विषय मोठ्या सभेपेक्षा येथे कितीतरी नीट ऐकला जातो, असे माझे मत आहे.

उत्तर २ (पुण्यातील रहिवासी)

वरील उत्तराला एक जोड द्यावीशी वाटते, ती वेळेची. पुण्यात २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत आहे. नमुना अर्ज क्षेत्रीय कार्यालयांत मिळतो आणि सूचना साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवल्या जातात, कारण आयुक्त पुढील वर्षाचे अंदाजपत्रक हिवाळ्यात स्थायी समितीपुढे मांडतात. तोवर आपले काम यादीत आलेले नसेल, तर एप्रिलनंतर कितीही हेलपाटे घातले तरी ‘तरतूद नाही’ हेच उत्तर मिळते. आपल्या शहरात अशी पद्धत नसली तरी अर्ज याच सुमारास नगरसेवकांच्या हाती असावा. आम्ही पदपथाचे काम सुचवताना लांबी फुटांत लिहिली होती आणि ते कोणत्या क्रमांकाच्या विजेच्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत हवे हेही लिहिले होते, त्यामुळे पाहणीला आलेल्या अभियंत्यांना जागा शोधावी लागली नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आमचे शेजारी लोकशाही दिनाला (अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समक्ष ऐकतात त्या दिवशी) सामूहिक निवेदन द्यावे असे म्हणतात. त्याचा उपयोग होईल का?

उत्तर ३ (सोसायटीचा चिटणीस)

लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि विहित नमुन्यातील अर्ज पंधरा दिवस आधी दोन प्रतींत द्यावा लागतो. मात्र तेथे वैयक्तिक स्वरूपाच्याच तक्रारी स्वीकारतात, त्यामुळे पन्नास सह्यांचे निवेदन परत येईल. ज्या पालकाचे मूल त्या फाटकातून जाते, त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावा आणि आधीच्या तिन्ही तक्रारींचे क्रमांक जोडावेत. सह्यांचे निवेदन प्रभाग समितीसाठी राखून ठेवावे.

त्याआधी आणखी एक काम करावे. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्देशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. त्या वेळी डांबरीकरणाच्या कामाची फाइल मागावी आणि कार्यादेशातील (ठेकेदाराला काम सोपवणाऱ्या आदेशातील) दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते तो काळ, पाहावा. तो संपलेला नसेल आणि उतार मंजूर नकाशाप्रमाणे दिलेला नसेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. मग नव्या तरतुदीची वाट पाहावी लागणार नाही. फाइल दाखवली नाही, तर माहिती अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून कार्यादेशाची प्रत मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते.

प्रश्नकर्ता

ही फाइल पाहण्याची सोय मला ठाऊकच नव्हती. येत्या सोमवारी जातो. शाळेच्या भिंतीवर गेल्या वर्षीच्या पाण्याची मातकट रेघ अजून दिसते. तिच्याशेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र काढले आहे आणि ते अर्जाच्या पाचही प्रतींना जोडतो आहे.