मदत हवी आहे: मेडिकलसमोरची जेवणसेवा बंद पडून राहिली, रविवारी कमिटी आहे

इंदोरा_बंधू
सलाम सर्वांना. आमच्या चर्चच्या मंडळीनं दर शनिवारी संध्याकाळी नागपूरच्या मेडिकलसमोर, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यासमोर, पेशंटच्या नातेवाइकांना जेवण द्यायला सुरुवात केली. गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाटकडून आलेली माणसं चादर टाकून आठ-आठ दिवस तिथंच काढतात. पहिल्या शनिवारी वाढायला २३ जण आले होते. परवा आम्ही चौघं होतो, त्यात मी आणि माझी बायको. रविवारी उपासनेनंतर कमिटी आहे, दोन पंच "बंद करा" म्हणणार हे नक्की. लोक परत कसे आणायचे ते लवकर सांगा. प्रार्थना करा असं कृपया लिहू नका, ती करूनच राहिलो.

सदर_जुना
भाऊ, कोणती मंडळी, पाळक काय म्हणतात, किती ताटं, पैसा कुठून, स्वयंपाक कोण करतं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

गीतसेवक
तरुण टिकत नाहीत याचं मूळ उपासनेत आहे. पेटी, तबला, टाळ बाहेर काढा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचे अभंग चालीवर म्हणा. आमच्याकडे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ख्रिस्ती कीर्तन ठेवतो, शेजारच्या गल्लीतले लोकही येऊन बसतात. आधी गाणं, मग सेवा.

हिशेबनीस_वाडी
एक गोष्ट आताच सांगतो. कोणाचा भाऊ परदेशी नागरिक झाला असेल आणि तो पैसे पाठवत असेल, तर तो जन्मानं नागपूरचा असला तरी कायद्यानं विदेशी देणगी होते. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेऊ नका. भारतीय पासपोर्टवर बाहेर नोकरी करणाऱ्याचं वेगळं.

इंदोरा_बंधू
बाहेरचा एक पैसाही नाही. सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मंडळी. पास्टर साहेबांची मे महिन्यात बदली झाली, नवीन अजून आले नाहीत. शेजारचे पास्टर महिन्यातून एकदा प्रभुभोजनाला येतात. ९० ताटं, डाळभात आणि लोणचं, शनिवारी ३००० च्या आसपास जातात, तेही चार-पाच घरांतून. स्वयंपाक चर्चच्या हॉलमध्ये होतो. महिला संघ करत होता, आता माझी बायको करते.

कामठी_तरुण
जेवणासोबत येशूच्या सुवार्तेची पत्रिका देता का? नसाल देत तर ही निव्वळ समाजसेवा झाली, ती कोणीही करतं. सुवार्ता सांगायला लाजायचं कशाला? टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका सहप्रवाशानं हातात बायबलचा नवा करार ठेवला, त्यातून केवढं मोठं काम उभं राहिलं!

सदर_जुना
त्या माणसानं आधी टिळकांशी काव्यावर मनापासून गप्पा मारल्या होत्या, हेही सांगा ना. आणि टिळक भुकेले नव्हते, आयसीयूच्या दारात बसलेले नव्हते. ज्याची आई आत आहे त्याच्या एका हातात भात आणि दुसऱ्या हातात पत्रिका दिली, तर तो "नको" म्हणू शकतो का? ज्याला नको म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला काय अर्थ?

कामठी_तरुण
म्हणजे गप्प बसायचं?

सदर_जुना
कोणी विचारलं तर मोकळेपणानं सांगायचं, की आम्ही ख्रिस्ती आहोत, अमुक मंडळीचे. प्रार्थना हवी का, हेही विचारायचं आणि नाही म्हटलं तर पाणी भरून द्यायचं.

ब्रह्मपुरीची_लेक
या वादात पडत नाही, पण तिथं बसलेली मी आहे. आईला घेऊन ११ दिवस होते. जेवण देणारे बरेच येतात, संस्था आहेत, गुरुद्वाऱ्याचे लोक आहेत. कधी एका संध्याकाळी तीन गाड्या, कधी एकही नाही. मला सगळ्यात जड काय गेलं सांगते. फोन चार्ज करायला जागा नव्हती, आणि औषध आणायला खाली जावं तर आईजवळ कोणी नव्हतं. एक बाई यायच्या. पिशवीत थर्मास आणि तीन-चार पिनांची वायर असलेली पॉवर बँक. "जा, मी बसते," एवढंच म्हणायच्या. त्या कोणत्या धर्माच्या, तेव्हा विचारायचंही सुचलं नाही. इंदोरा भाऊ, शनिवारी तिथं किती जण उपाशी असतात हे तुम्ही कधी पाहिलं का?

इंदोरा_बंधू
नाही पाहिलं. परवा वीसेक ताटं उरली होती, ते आता लक्षात येऊन राहिलं. पण माझा प्रश्न लोकांचा आहे. माणसं का गळाली?

निवृत्त_पाळक
बंधू, स्वयंपाक महिला संघाकडून तुमच्या पत्नीकडे कसा आला, हे तुम्ही लिहिलं नाही. काही घडलं का? आणि हॉलची किल्ली कोणाकडे असते?

इंदोरा_बंधू
किल्ली माझ्याकडे. किराणाही मीच आणतो, फोन मलाच येतात. घडलं म्हणजे, दुसऱ्या शनिवारी भात चिकट झाला होता, आंबूस वासही येत होता. मी महिला संघाच्या ताईंना हॉलमध्येच बोललो. सगळे होते.

ब्रह्मपुरीची_लेक
भात किती वाजता शिजवला होता?

इंदोरा_बंधू
एकच्या सुमारास. शनिवारी माझी दोनपासून ड्यूटी असते, त्याआधीच हॉल उघडून देता येतो. वाटप सातला.

ब्रह्मपुरीची_लेक
मग ताईंचं काय चुकलं? शिजलेला भात नागपूरच्या उकाड्यात सहा तास झाकून ठेवला तर बिघडणारच. आणि नुसता वास नाही, त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही, उलट्या होतात. वाटायच्या तासभर आधी शिजवा आणि हॉट बॉक्समध्ये वाफेसकट भरा.

निवृत्त_पाळक
बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ काढा. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केलं नाही आणि वाढण्याचं काम स्वतःच्या हातातही ठेवलं नाही. सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. ज्यांच्याकडून तक्रार आली, भांडार त्यांच्याच हाती गेलं. चाळीस वर्षं मी मंडळ्या सांभाळल्या. सेवा पैशानं बंद पडताना क्वचित पाहिली. एकाच माणसाच्या खिशात किल्ली राहिली की बाकीचे पाहुणे होतात आणि पाहुणे दोन-तीनदाच येतात.
रविवारची वाट पाहू नका. त्याआधी ताईंच्या घरी जा, पत्नीला घेऊन जा. कमिटीचा विषय काढू नका. सगळ्यांसमोर बोललात, तर क्षमाही रविवारी सगळ्यांसमोर मागावी लागेल, पण आधी घरी.

गीतसेवक
निवृत्त पाळक साहेबांचं पटलं. तरी कमिटीच्या सुरुवातीला एक अभंग ठेवाच.

सदर_जुना
कमिटीत "चालू की बंद" असा ठराव मांडू नका, हरलात तर दार बंद होईल. तीन महिन्यांची मुदत मागा, ९० ऐवजी ४० ताटं, खर्च लिहून फलकावर लावा. सीएनआयचे आहात तर आठवा, २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक झाल्या. त्या वाटाघाटींना चाळीसेक वर्षं लागली होती. तुम्हाला दोन पंचांनाच समजावायचं आहे.

हिशेबनीस_वाडी
देणाऱ्या प्रत्येक घराला पावती द्या. ट्रस्टच्या हिशेबात दाखवा, नाहीतर ऑडिटला हाच विषय पुढे येईल.

इंदोरा_बंधू
काल गेलो होतो, दोघंही. मी बोलायच्या आत ताईंनी चहा टाकला. माफी मागितली तर खूप वेळ कप पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही वासाचं बोललात ते खरंच होतं. पण मी आदल्या रात्री किल्ली मागितली होती, तुम्ही म्हणालात, हरवेल." मला ते आठवतही नव्हतं. किल्ली तिथंच ठेवून आलो. या शनिवारी त्या पाच वाजता शिजवणार, आणि संघातल्या दोघी जेवण न वाढता नुसत्या बसायला येणार, थर्मास घेऊन. रविवारी सगळ्यांसमोर बोलेन.
पंचांचं अजून माहीत नाही. ४० ताटांना हॉट बॉक्स किती लिटरचा लागेल? भाड्यानं मिळतो का, की विकतच घ्यावा?

ब्रह्मपुरीची_लेक
भाताला वीसचा, डाळीला दहाचा पुरेल. या वेळी एखाद्या केटरर्सकडून भाड्यानं आणा, विकतचा विचार तीन महिन्यांनी करा. आणि शनिवारी मी येते. पॉवर बँक माझी.