जावेचा साज आणि माझी झोप: ईर्षा असावी की नसावी?

रंकाळाकाठ

धाकट्या जावेनं साज केला. कोल्हापुरी साज म्हणजे काय ते इथल्या बायकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: सोन्याच्या पानड्या आणि मधे जवमणी. पूर्वी २१ पानांचा असायचा, आता सोनं लाखाच्या पुढं गेल्यावर १०-१२ पानांवर भागवतात. गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ बाजारातून आणला, अंबाबाईला दाखवला आणि थेट माझ्या स्वयंपाकघरात आली. "अक्का, बघा की कसा दिसतोय. मी म्हटलो, पहिला तुम्हालाच दाखवायचा." (आमच्याकडं बायका 'मी म्हटलो'च म्हणतात, हसू नका.) हाताला पीठ होतं म्हणून मी लांबूनच बघितला, "झकास" म्हणाले. तव्यावरची चपाती करपली.

रात्री २ वाजेपर्यंत जागी होते. लग्नाला १६ वर्षं झाली. मी शाळेत शिकवते. सासऱ्यांची बायपास माझ्या पगारावर झाली, वरच्या मजल्याच्या स्लॅबचे हप्ते अजून माझ्याच पगारातून जातात. अंगावर लग्नातलंच काय ते मंगळसूत्र आणि दोन बांगड्या. नवऱ्याला हलवून उठवलं, सांगितलं. म्हणतो, "मग चांगलंच की! माणसात ईर्षा पाहिजे. तू पण कर." आणि कूस बदलून घोरायला लागला.

ही जाव माझ्याशी कधी वाकडं वागलेली नाही. माझ्या पोरीला टायफॉइड झाला तेव्हा ४ रात्री दवाखान्यात बाकड्यावर बसून होती. अशा बाईच्या गळ्यातला दागिना मला टोचतो, हे सगळ्यांचंच होतं की माझ्यातच काही कुजलंय? नवरा-बायको, भावंडं, ऑफिस, कुठलाही अनुभव चालेल. फक्त 'सकारात्मक विचार करा' असं कुणी लिहू नका. तो सुविचार फळ्यावर मीच लिहिते.

खटक्यावर बोट

ताई, दाजी बरोबर बोलले. कोल्हापुरातनं ईर्षा काढली तर मागं उरतंय काय? पाटाकडील आणि दिलबहार या पेठांतल्या फुटबॉल संघांचा सामना असला की शाहू स्टेडियमवर उन्हातान्हात माणूस जातोय ते काय नुसता चेंडू बघायला? आपली पेठ हरली की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पोरं गांधी मैदानावर पळायला हजर. दिवाळी पाडव्याला सजवून पळवतात त्या म्हशी बघा. शेजाऱ्यानं शिंगाला मोरपीस लावलं की आपला गडी कवड्यांचा पट्टा आणणारच. मोटारसायकलच्या मागं म्हैस पळते ती मालकाच्या मायेनं, पण मालक पळवतोय ते शेजाऱ्याच्या ईर्षेनं.

शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं मैदान बांधलं. बिनईर्षेचे पैलवान तिथं काय भजन करणार होते?

आणि घरचं सांगतो. आमच्या बापानं उसाचं पाचट जाळायचं बंद केलं ते कृषी खात्याच्या पत्रकानं नव्हं. बांधाच्या पलीकडं पाचट कुजवणाऱ्याचा ऊस आमच्यापेक्षा हातभर उंच झाला म्हणून. तीन वर्षं बाप त्या बांधावर जाऊन नुसता उभा राहायचा.

शब्दांचा कीस

इथं दोन वेगळ्या गोष्टी एकाच ताटात वाढल्या जाताहेत. संस्कृतातली 'ईर्ष्या' म्हणजे दुसऱ्याचं बरं न सोसणं. आपल्याकडं येताना त्यातला 'य' गळाला आणि विखारही गळाला. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी पेपरात 'ईर्षेने मतदान' छापून येतं ते कौतुकानं. म्हणजे चुरस. ताईंची चुरस नाही, त्यांनी कुठं स्पर्धेत नाव घातलं होतं?

हेवा म्हणजे 'मलाही पाहिजे'. मत्सर म्हणजे 'तिला नको'. असूया त्याच्याही खालची पायरी, चांगल्यातच खोट काढायची: 'साज छान आहे, पण तिच्या मानेला शोभत नाही.' आणि आपलं माणूस दुसरं कुणी पळवेल ही भीती आणखी निराळी. तिला मराठीत धड शब्द नाही, आपण संशयावर काम भागवतो. हेव्याला दोन माणसं पुरतात, तिला तीन लागतात.

षड्रिपूंच्या यादीत मत्सर सहावा, अगदी शेवटी. पतंजलींनी 'मुदिता' सांगितलीय, म्हणजे दुसऱ्याच्या पुण्याईवर आपण खूश होणं. पन्नाशी उलटली, मला जमलेलं नाही. ताई, तुम्ही एवढंच बघा: उद्या तो साज तिच्या गळ्यातून उतरला तर तुम्हाला बरं वाटेल का?

रंकाळाकाठ

नाही. चोरीला गेला तर तिच्याआधी मी रडेन.

पण खरं सांगते, 'मानेला शोभत नाही' हे मनात येऊन गेलं होतं. तुम्हाला कसं कळलं?

कटाची आमटी

सगळ्यांच्याच मनात येतं हो. माझ्या जावेच्या पुरणपोळीबद्दल मी १८ वर्षं 'छान, पण वेलची जरा जास्त' म्हणतेय. वेलची बरोबर असते.

प्रयोगवही

लाज वाटून घ्यायचं कारण नाही, हे रक्तातच आहे. २००३ साली सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या संशोधकांनी कॅपुचिन माकडिणींवर प्रयोग केला. हातातला खडा परत दिला की काकडीचा तुकडा मिळायचा. दोघींना काकडी असेपर्यंत सगळं गुण्यागोविंदानं चाललं. मग एकीला त्याच कामाचं द्राक्ष द्यायला लागले, तर दुसरी काकडी घेईना. २०१४ मध्ये ३६ कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगात मालकानं भुंकणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड केले, तर खरी कुत्री मधे तोंड खुपसायची, खेळण्यावर गुरकावायची.

आणि माणूस स्वतःला मोजतो ते आपल्यासारख्याच माणसाशी. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच हे मांडून ठेवलंय. म्हणून मुंबईतल्या अब्जाधीशाच्या सुनेच्या हारानं ताईंची झोप उडत नाही, एकाच चुलीवरच्या जावेच्या साजानं उडते. नैसर्गिक आहे. येईल आणि जाईल.

पुलाखालचं पाणी

नुसतं वाचत होते, लिहिणार नव्हते. पण 'नैसर्गिक आहे' हे मी ६ वर्षं ऐकलंय.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याचा रात्री ९ ला फोन आला, नवऱ्याला आवडलं नाही. मैत्रिणी म्हणाल्या, किती पझेसिव्ह गं, नशीब काढलंस. मीही लाजले. मग व्हॉट्सॲपचं लास्ट सीन आलं. मग एसटी. मी रोज इचलकरंजीला जाऊन-येऊन नोकरी करायचे. परतीच्या गाडीला १५ मिनिटं उशीर झाला की हा स्टँडवर उभा. बोलायचा काही नाही, हात पुढं करायचा. तिकिटावर वेळ छापलेली असते ना, ती बघायला. पुढं पुढं तो मागायच्या आधीच मी तिकीट हातात ठेवायला लागले. नंतर जपून ठेवायला लागले, पुरावा म्हणून. एका रविवारी पर्स साफ केली तर ११२ तिकिटं निघाली. रबर लावून गठ्ठे केलेले. मीच केलेले. त्या दिवशी दुपारच्या गाडीनं माहेरी गेले.

तेव्हा माकडं असं करतात म्हणून ते ठीकच, हे मला सांगू नका. माकड चावतंही. आणि मैदानात पंच असतो, शिट्टी झाली की सामना संपतो. घरात शिट्टी कोण वाजवणार?

आणखी एक. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा फक्त मारहाणीपुरता नाही, शाब्दिक आणि भावनिक छळही त्यात येतो. वकीलबाईंनी सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. महिला हेल्पलाइन १८१ आहे. कुणी तिकिटं जपून ठेवत असेल तर तिच्यासाठी लिहिलं.

खटक्यावर बोट

ताई, तुमचं दोनदा वाचलं. काय बोलायचं कळंना. पण त्याला ईर्षा म्हणू नका. आमच्या शब्दाला बट्टा लागतोय.

पुलाखालचं पाणी

दादा, तोही म्हणायचा की हा संशय नाही, प्रेम आहे. शब्द सगळ्यांकडं चांगलेच असतात.

प्रयोगवही

पुलाखालचं पाणी, 'येईल आणि जाईल' हे मी फार सहज लिहून गेलो. कधी कधी जात नाही. टोकाच्या, कशानंच न फिटणाऱ्या संशयाला १९५५ साली टॉड आणि ड्यूहर्स्ट या डॉक्टरांनी 'ऑथेल्लो सिंड्रोम' असं नाव दिलं. दारूच्या व्यसनात तो दिसतो, मेंदूच्या काही आजारांतही दिसतो. तो आजार आहे, त्यावर उपचार आहेत. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ वर आहे.

पुलाखालचं पाणी

नंबर दिलात, बरं केलंत. पण सगळ्यांना आजारी ठरवू नका. माझा नवरा बँकेत, मित्रांत, देवळात अगदी शहाणा होता. साहेबांचं तिकीट नाही तपासलं त्यानं कधी.

राजाराम बंधारा

मैदानातली ईर्षा तेवढी सोवळी, असं पण नको. शिट्टी झाल्यावर स्टेडियमच्या बाहेर काय होतं ते मी बघितलंय. माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात दगड बसला, ७ टाके. मारणारा पोरगा दुसऱ्या पेठेतला, पण दहावीला त्याच्याच बाकावरचा. दोघं अजून बोलत नाहीत. कसला खेळ आणि कसली पेठ.

खटक्यावर बोट

टाके मलापण हाईत, भावा. पण २०१९ च्या पुरात शिरोळकडं चपात्या पाठवायच्या होत्या तेव्हा काय झालं सांगू? त्या पेठेनं ५०० माणसांचं जेवण पाठवलं म्हटल्यावर आमच्या मंडळानं रात्री दीडला परत चुली पेटवल्या. हजार केलं. आमच्या आईनं अशा घरातनं पीठ मागून आणलं, जिथं ती एरवी हळदीकुंकवालापण जात नव्हती. खाणाऱ्याला काय फरक पडतोय, चपाती मायेची हाय का ईर्षेची?

राजाराम बंधारा

हे मात्र खरं. आमच्याकडं त्या रात्री झुणका कमी पडला म्हणून दोन मंडळांत भांडण लागलेलं.

दुधाळी

माकडिणीची गोष्ट अर्धीच सांगितलीत. या प्रयोगाची चित्रफीत बघा. ती काकडी फेकते, पण कुणावर? द्राक्ष खाणाऱ्या शेजारणीवर नाही. देणाऱ्यावर. त्या हिशोबानं माकडीण आपल्यापेक्षा शहाणी.

रंकाळाकाठ, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये साजाबद्दल लिहिलंत त्याच्या दुप्पट तळमळीनं बायपास आणि स्लॅबबद्दल लिहिलंय. दोन भावांचं घर, मग स्लॅबचा हप्ता एकाच सुनेच्या पगारातून का? धाकट्यांचा वाटा किती हे कुणी कधी कागदावर मांडलं? तुम्हाला हेवा वाटत नाहीये, तुमची वसुली राहिलीय. काकडी फेकायचीच तर घोरणाऱ्या माणसावर फेका.

कटाची आमटी

झालं! साजावरून निघाले आणि वाटणीवर पोचले. चांगलं चाललेलं घर आहे हो. मनात आलं, चार दिवसांनी गेलं, असं किती जणींचं होतं. प्रत्येक ठसठशीचा हिशोब मांडत बसलं तर भिंती घालाव्या लागतील घरात.

दुधाळी

न मांडता गप्प बसल्यानंच घातल्यात, काकू. आमच्या वाड्यात ३ आहेत.

शब्दांचा कीस

गांधारीची गोष्ट आठवा. कुंतीला आधी मुलगा झाला हे ऐकून तिनं मारून घेतलं ते स्वतःच्याच पोटावर. आपल्याकडं काकडी बहुतेक वेळा तिथंच जाते. कटाच्या आमटीताई म्हणतात तसं मनात दाबून ती जिरत नाही, असं आपलं माझं मत.

रंकाळाकाठ

४ दिवसांनी आले. पुलाखालचं पाणी, तुमची ११२ तिकिटं डोक्यातून जात नाहीत. आमच्या शाळेत एक नवीन मॅडम आहेत, सारखं घड्याळ बघतात, नवऱ्याचा फोन आला की डबा अर्धा टाकून बाहेर जातात. आम्ही स्टाफरूममध्ये त्यांना 'लाडाची' म्हणून चिडवायचो. आता चिडवणार नाही. विचारीन, पण कसं विचारायचं ते ठरत नाहीये.

दुधाळी, काकडी फेकली. तो घोरला नाही. बोललाही नाही. सकाळी स्लॅबची फाईल मात्र टेबलावर काढून ठेवलेली होती.

आणि साजाचं. काल शेंगा निवडताना जावेला सरळ विचारलं, कसा काय केलास गं? म्हणाली, भिशीतून. महिन्याला ३ हजार, ६ वर्षं. गल्लीतल्या बायकांचीच भिशी, २०१९ ला मी त्यातून नाव काढून घेतलं होतं, हप्ता सुरू झाला म्हणून. "तुमची जागा तुम्हीच मला दिलासा की, अक्का. विसरलासा काय?" विसरलेच होते. तिच्या लक्षात होतं, म्हणून पहिला मला दाखवायला आली होती.

संक्रांतीपासून नवी भिशी सुरू होतेय. पहिला नंबर तुम्ही घ्या म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही.

साज माझ्या कपाटात ठेवून गेलीय, रविवारी माझ्या मामेभावाच्या पोरीचं लग्न आहे, तिथं घाला म्हणून. दार लावून आरशासमोर घालून बघितला. माझ्या मानेला शोभत नाही.