चर्चचे हिशेब, जुने विश्वस्त आणि धर्मादाय कार्यालय : मार्गदर्शन हवे आहे (कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरातील एका लहान मराठी चर्चच्या पंच कमिटीवर या वर्षी माझी खजिनदार म्हणून निवड झाली. चर्चचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला कोणावर आरोप करायचा नाही. आयुष्यभर बँकेत नोकरी केल्यामुळे आकड्यांची भीती वाटत नाही. मात्र हाती आलेले दप्तर पाहून मी गोंधळलो आहे.

रविवारचे अर्पण उपासनेनंतर दोन वडील (चर्चमधील ज्येष्ठ पदाधिकारी) मोजतात आणि वहीत सह्या करतात. ही जुनी शिस्त आजही पाळली जाते. दशांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाची) पाकिटे, हंगामाच्या सणातील लिलावाची रक्कम आणि लग्नांसाठी दिलेल्या हॉलचे भाडे मात्र थेट पाळकसाहेबांकडे जाते. त्यातून ते आजारी माणसांना आणि विधवांना मदत करतात, हे सर्वांना ठाऊक आहे; पण त्याची ना पावती असते, ना व्हाउचर. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी माझ्या मनात शंका नाही, आणि नेमकी हीच अडचण आहे, कारण पावती मागितली की ती अविश्वासाची खूण समजली जाते. (प्रेषित पौलानेही यरुशलेमसाठी जमवलेली वर्गणी एकट्याने नेली नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, असे मी सभेत सांगून पाहिले. उपयोग झाला नाही.)

आमचा न्यास १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदलेला आहे. धर्मादाय कार्यालयातील नोंदीच्या, म्हणजे परिशिष्ट एकच्या, उताऱ्यावर सात विश्वस्तांची नावे आहेत. त्यांपैकी पाच जण मरण पावले असून एक जण गाव सोडून गेले आहेत. निवडणुका दर तीन वर्षांनी झाल्या, पण विश्वस्त बदलल्याचे त्या कार्यालयाला कळवणारा बदल अर्ज कोणी दाखल केला नाही. आता खात्यावरील सह्या बदलण्यासाठी बँक अद्ययावत उतारा मागत आहे.

कमिटीतील ज्येष्ठांचे म्हणणे असे की चर्चच्या पैशांत सरकारने डोकावू नये. अंबाबाईच्या मंदिराचा कारभार पाहणारी देवस्थान समिती सरकार नेमते, हे कोल्हापुरात सर्वांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे, आपण धर्मादाय कार्यालयाची पायरी चढलो तर उद्या आपल्यावरही तशीच समिती बसेल, अशी त्यांना धास्ती आहे. माझ्या वाचनाप्रमाणे संविधानाचे कलम २६ धर्मपंथाला धार्मिक बाबींत स्वतःचा कारभार करू देते, पण मालमत्तेचे व्यवस्थापन कायद्यानुसारच करायला सांगते. आणि १९५४ साली रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या याच न्यास कायद्यातील काही तरतुदी रद्द केल्या, तरी नोंदणी, हिशेब आणि तपासणीची चौकट कायम ठेवली. हे त्यांना पटेल अशा रीतीने कसे मांडावे?

आणखी तीन गोष्टी अडकल्या आहेत. जास्त व्याज मिळते म्हणून छप्पर दुरुस्तीचा निधी एका पतसंस्थेत ठेव म्हणून ठेवला आहे. एका व्यावसायिकाने रस्त्याकडेची मोकळी जागा दुकानांसाठी २९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितली आहे आणि कमिटीला घाई झाली आहे. शिवाय ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या एक भगिनी छपरासाठी मोठी देणगी देऊ इच्छितात. यांपैकी आधी कशाला हात घालावा?

प्रतिसाद

खजिनदार साहेब, मी न्यासांची कामे पाहणारा वकील आहे. आधी भाडेपट्टा थांबवा. न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळासाठी भाड्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि ती मागायला ज्यांची नावे नोंदलेली आहेत असे विश्वस्तच जवळजवळ उरलेले नाहीत. म्हणून बदल अर्ज पहिला. त्याची मुदत बदल झाल्यापासून ९० दिवसांची असते. विलंब माफीचा अर्ज सबळ कारणांसह सोबत जोडा आणि प्रत्येक निवडणुकीचा बदल क्रमाने दाखवा, मधले टप्पे गाळू नका.

पतसंस्थेतील ठेव मुदत संपताच काढून घ्या. कलम ३५ मध्ये शेड्यूल्ड बँक, पोस्टाची बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोखे सांगितले आहेत, पतसंस्था नाही. भगिनींच्या बाबतीत त्या राहतात कुठे यापेक्षा पासपोर्ट कोणता आहे हे पाहा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे आले, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. ऑस्ट्रेलियन नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे कार्ड) असूनही ती विदेशी देणगीच ठरते. एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खाते यांशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

ज्येष्ठांना एवढेच सांगा की अर्पण कोणी दिले, हे कोणी विचारत नाही. निव्वळ धार्मिक न्यासाला निनावी दानावर वेगळा आयकरही लागत नाही. विचारले जाते ते खर्चाबद्दल. पाळकसाहेबांसाठी ‘मदत निधी’ असे वेगळे खाते ठरावाने उघडा, वार्षिक मर्यादा ठरवा, आणि मदत घेणाऱ्याचे नाव गुप्त ठेवायचे असेल तर व्हाउचरवर दोन वडिलांच्या सह्या घ्या.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आभारी आहे. मदत निधीची कल्पना पाळकसाहेबांना मी काल घरी जाऊन सांगितली. त्यांनी मर्यादा किती असावी एवढेच विचारले. एक शंका उरली आहे. मृत विश्वस्तांपैकी दोघांचे महापालिकेचे दाखले कुटुंबीयांकडे सापडत नाहीत, पण आमच्या दफन नोंदवहीत तारखेसह त्यांची नोंद आहे. बदल अर्जासोबत त्या पानाची साक्षांकित प्रत चालेल का?