जिन्न, जिनी, जिन्नात : तो, ती की ते?

परभणीहून

भाची नववीत आहे आणि हातात पडेल ते वाचते. दिवाळीत तिला हेलेन वेकर यांची 'द गोलेम अँड द जिनी' (२०१३) ही इंग्रजी कादंबरी आणून दिली. १८९९चं न्यूयॉर्क. मातीपासून घडवलेली एक बाई आणि तांब्याच्या सुरईतून सुटलेला एक जिन्न, दोघंही त्या शहरात परके. सुरई दुरुस्तीला आलेली असते, सिरियन वस्तीतल्या एका कल्हईवाल्याकडे. पोरीनं चार दिवसांत पुस्तक संपवलं आणि शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मराठीत परिचय लिहायला बसली.

पहिल्याच वाक्यात अडली. 'जिनी' ईकारान्त, म्हणून तिनं आधी 'ती जिनी' लिहिलं होतं. पण पुस्तकात तो पुरुष आहे आणि मातीचा गोलेम बाई. मग 'तो जिनी' करून पाहिलं, ते तिच्या कानाला बरं वाटेना. आजीनं सुचवलं, "सरळ भूत लिही की." त्यावर ती म्हणाली, "आजी, भूत व्हायला आधी मरावं लागतं. हा कुठं मेलाय?"

पोरीचा मुद्दा मला बिनतोड वाटला. तर मराठीत नेमकं काय लिहावं? आणि ह्याच वाटेवरची अजून पुस्तकं कुणी सुचवाल का?

छत्रपती संभाजीनगरहून

ताई, भाचीची शंका अगदी मुळाला हात घालणारी आहे. अरबीत 'जिन्न' हे साऱ्या जातीचं नाव. त्यातला एक पुरुष म्हणजे 'जिन्नी' आणि बाई म्हणजे 'जिन्निया'. म्हणजे आपल्याला बाईचा वाटणारा ईकार तिकडे 'जिन्नांपैकी एक' एवढंच सांगतो. पुस्तकाच्या नावात 'जिनी' आहे ते ह्याच अर्थानं.

इंग्रजीतली सिनेमातली 'जीनी' मात्र वेगळ्या वाटेनं आली. आंत्वान गालाँ ह्या फ्रेंच पंडितानं १७०४पासून अरबी गोष्टींचं भाषांतर छापायला घेतलं आणि 'जिन्नी'साठी फ्रेंचमधला 'जेनी' हा शब्द वापरला. तो लॅटिन 'जीनियस'वरून आलेला, माणसाबरोबर जन्मणारा रक्षक आत्मा ह्या अर्थाचा. मूळ वेगळं, पण उच्चार जवळचा, म्हणून खपून गेला. अल्लादीनची गोष्ट तर जुन्या अरबी हस्तलिखितांत सापडतच नाही. हन्ना दियाब ह्या अलेप्पोच्या तरुणानं ती १७०९मध्ये पॅरिसला गालाँना तोंडी सांगितली होती.

अरबी धातू ज-न-न, अर्थ झाकणं, दिसेनासं करणं. झाडांनी झाकलेली बाग ती जन्नत, पोटात दडलेला गर्भ तो जनीन, अक्कल झाकली गेली की जुनून आणि ज्याची झाकली गेली तो मजनून, म्हणजे आपला मजनू. जिन्न म्हणजे न दिसणारा. कुराणात माणूस मातीचा आणि जिन्न धूर नसलेल्या आगीचा आहे. त्यांच्यात जन्म आहे, लग्न आहे, मरण आहे, आस्तिक-नास्तिकही आहेत. आपले मुंजा, हडळ, समंध ही सगळी मेलेली माणसं. खवीस हा शब्दही अरबी 'खबीस'वरून, म्हणजे घाणेरडा, दुष्ट ह्यावरून आला, पण मराठीत येऊन तोही मेलेल्या माणसाचं भूतच झाला. जिन्न कधी माणूस नव्हताच. म्हणून 'भूत' चूक, आणि तो चांगलाही असू शकतो म्हणून 'राक्षस'ही चूक.

पुस्तकांचं म्हणाल तर भाचीच्या वयाला जोनाथन स्ट्राउड यांची बार्टिमियसमाला आधी द्या. पहिला भाग २००३चा. पाच हजार वर्षांचा जिन्न स्वतः गोष्ट सांगतो आणि मध्येमध्ये तळटिपा देतो. त्यात जिन्नांची उतरंड आहे, जिन्नाच्या वर अफरीत, त्याच्या वर मारिद. ही नावं भाषांतरात तशीच ठेवावीत. सगळ्यांना 'राक्षस' म्हटलं की उतरंड कोसळते आणि गोष्टीतली भीतीही जाते.

एस. ए. चक्रवर्ती यांची 'द सिटी ऑफ ब्रास' (२०१७) जरा मोठेपणी द्या. अठराव्या शतकातलं कैरो, लोकांना फसवून पोट भरणारी एक मुलगी आणि तिच्या हाकेनं आलेला एक योद्धा. तो स्वतःला जिन्न म्हणवून घेत नाही, 'दाएवा' म्हणवतो. मराठी वाचक इथे थबकणार, कारण हा आपल्या 'देव'चा सख्खा भाऊ. इराणकडे तो दुष्ट ठरला, आपल्याकडे पूजला गेला. उर्दू किश्श्यांत 'देव' आला की दांडगा राक्षसच समजायचा.

नांदेडहून

आमच्या गल्लीत शेजारच्या खाला 'जिन्नात' म्हणायच्या. "मगरिबच्या वक्ताला झाडाखाली उभं राहू नको, जिन्नात असतात." मगरिब म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज. उर्दूत ते अनेकवचन आहे. मराठीत लिहिलं तर घोटाळा होईल, 'घरात', 'रानात' तसं 'जिन्नात' म्हणजे जिन्नाच्या आत असं वाचलं जाईल. म्हणून 'दगड'सारखं चालवा : एक जिन्न, दोन जिन्न, जिन्नाला, जिन्नांनी. बाईसाठी 'जिन्नीण' का नको? वाघीण, जखीण आहेतच.

दोन न लिहा हे मात्र आग्रहानं सांगते. कापसाच्या मुलखात 'जिन' म्हटलं की जिनिंग डोळ्यांपुढं येतं. घोड्याच्या खोगिराचं 'जीन' वेगळं. आणि वेरूळच्या बत्तिसाव्या लेण्यात बसलेला 'जिन' तर इंद्रियं जिंकलेला, 'जि' धातूचा. त्याच्याशी गल्लत होता कामा नये.

पैठणहून

दादांनी 'न दिसणारा' हा अर्थ सांगितला आणि मला अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश आठवला. त्यात देवयोनींची, म्हणजे देवांच्या जातकुळीतल्यांची, यादी आहे. "विद्याधराप्सरोयक्षरक्षोगन्धर्वकिन्नराः। पिशाचो गुह्यकः सिद्धो भूतोऽमी देवयोनयः॥" ह्यातला 'गुह्यक' बघा. धातू गुह्, म्हणजे लपवणं. कुबेराच्या पुरलेल्या धनाची राखण करणारे ते गुह्यक. मेघदूतातल्या यक्षालाही कालिदास गुह्यक म्हणतो. अरबस्तानात आणि इथं, न दिसणाऱ्याला नाव देताना दोन्ही भाषांनी 'लपणं' हीच क्रिया उचलली. म्हणून जिन्नाचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर पिंपळावर नको, यक्ष-गुह्यकांत शोधावा. तरी भाषांतरात 'गुह्यक' वापरू नये असंच मला वाटतं. तो लगेच कुबेराच्या अलकानगरीत जाऊन बसेल, आणि कादंबरीतल्या जिन्नाच्या अंगाला वाळवंट हवं. विहिरीवरच्या साती आसरा मुळात अप्सरा, पण आज आसरांना अप्सरा म्हटलं तर विहीर हरवते ना, तसंच.

भाचीला इथलंही द्या, ताई. गुणाढ्य आमच्या प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाचा मंत्री. जलक्रीडेत राणी म्हणाली "मोदकैः", म्हणजे "मा उदकैः", पाणी मारू नका. राजानं लाडू मागवले. राणी हसली आणि राजा शरमला. त्याला संस्कृत किती दिवसांत शिकवता येईल ह्यावर पैज लागली. ती हरलेल्या गुणाढ्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी तिन्ही भाषा सोडल्या. रानात काणभूती नावाच्या पिशाचाकडून, म्हणजे शाप लागलेल्या यक्षाकडून, त्यानं बृहत्कथा ऐकली आणि पैशाची भाषेत स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोक लिहिले. राजानं ती नाकारली तेव्हा एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकलं. सहा लाख जळाले, एक लाख उरले.

ही हकीकत सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात आहे, आणि त्याचं मराठी भाषांतर मिळतं. वेताळाच्या पंचवीस गोष्टीही त्यातच. खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा राजा तिथे उज्जैनचा विक्रम नाही, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा त्रिविक्रमसेन आहे. शाळेत हे कुणी मला सांगितलं नाही, चाळिशीनंतर स्वतः वाचलं तेव्हा कळलं. त्या दिवशी नागघाटावर बराच वेळ बसून होतो.

परभणीहून

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीनं सगळं दोनदा वाचलं आणि परिचयाचं पहिलं वाक्य बदललं : "कल्हईवाल्यानं सुरईवरची नक्षी पुसली आणि हजार वर्षं कोंडलेला जिन्न जमिनीवर येऊन पडला." 'जिन्नीण' तिनं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय, स्वतःच्या गोष्टीसाठी. रविवारी पैठणला येतोय आम्ही. तिला नागघाट बघायचाय.